डावा खांदा, अखंड

पडद्यावर हिरवी पट्टी उमटली : ‘डावा खांदा, अखंड.’

त्रिशलाने भरतेशच्या खांद्यामागून कानोसा यंत्राच्या दोन्ही चकत्या काढल्या, त्यांच्या तळाचं जेल पुसलं आणि त्याला दोन्ही हात वर करायला सांगितलं. उजवा सरळ वर गेला. डावा छातीच्या उंचीपर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला. तिने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. यात तिचा वाईट हेतू नव्हता. व्यायामशाळेत ती दिवसभर हेच करायची. पण भरतेशच्या ते लक्षात आलं आणि त्याने सदरा ओढून अंगात घातला.

“दुखतोय,” तो म्हणाला.

तिने मान डोलावली आणि चकत्या पिशवीत ठेवल्या.

अपघात तिच्याच पाळीत झाला होता, आणि यंत्राच्या मते तो झालाच नव्हता.

कृष्णेकाठच्या कवठेनगरात कोरेसरांची व्यायामशाळा होती. त्रिशला मगदूम तिथे मुख्य प्रशिक्षक होती. भरतेश शहराच्या अग्निशमन दलात होता आणि ड्यूटी नसेल तेव्हा तिथेच व्यायामाला यायचा. त्या दिवशी तो बाकावर उताणा झोपून छातीवरून वजन उचलत होता. लोखंडी दांड्याच्या दोन्ही टोकांना वजनं अडकवली, की ती घसरू नयेत म्हणून बाहेरून खटके लावायचे असतात. भरतेशने ते लावले नव्हते. ही जुन्या लोकांची सवय. एकट्याने व्यायाम करणारा माणूस मुद्दाम खटके लावत नसे. दांडा छातीवर अडकलाच, तर तो तिरका करून वजनं खाली सांडता यावीत, एवढाच त्यामागचा हिशेब. आता बाकाच्या दोन्ही बाजूंना दांडा झेलणारे यांत्रिक हात आले होते. सवयीचं कारण गेलं होतं, सवय राहिली होती.

दांडा किंचित कलला. उजवीकडचं वजन घसरून फरशीवर आदळलं आणि मोकळं झालेलं टोक उसळलं. दुसरं टोक वजनासकट डावीकडे खाली गेलं आणि डाव्या हाताला मागे हिसका बसला. त्याच क्षणी यांत्रिक हातांनी दांडा झेलला. पडद्यावर ‘अपघात टळला’ असं उमटलं. आसपासच्या चार-पाच जणांनी टाळ्याही वाजवल्या. भरतेश मात्र उजव्या हाताने डावा खांदा धरून खाली बसला होता.

त्रिशलाने जे करायचं ते सगळं केलं. व्यायाम तिथेच थांबवला. हात हलवू दिला नाही, पंच्याची झोळी करून गळ्यात अडकवला. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ खांद्यावर धरली. कोणीतरी मलम चोळायला पुढे आलं, त्याला तिने अडवलं. ताज्या दुखापतीवर चोळायचं नाही, शेकायचं नाही, ‘जरा हलवून बघ’ म्हणायचं नाही. हे ती नव्या सभासदांना पहिल्याच दिवशी सांगायची. मग तिने कानोसा लावला. उत्तर आलं : ‘अनिश्चित. दोन दिवसांनी पुन्हा, नंतर रोज मोजा.’ यातही वावगं काही नव्हतं. मार ताजा असताना आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात आणि खालचं काही कळू देत नाहीत.

दोन दिवसांनी यंत्र म्हणालं, अखंड. त्यानंतर रोज तेच म्हणत होतं.

कानोसा कसा चालतो ते समजायला फार शिकावं लागत नाही. कुंभाराकडे मडकं घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर ठेवून देतो. तडा दिसत नसला तरी आवाजाला तो माहीत असतो. कानोसाची एक चकती कातडीवर अशाच टिचक्या मारते, इतक्या बारीक आणि इतक्या भरभर की माणसाला फक्त गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. दुसरी चकती चार बोटांच्या अंतरावर बसून ऐकते. पहिलीपासून दुसरीपर्यंत लहर यायला किती वेळ लागला, एवढंच यंत्र मोजतं. ताणलेल्या तारेवरून लहर वेगाने धावते, सैल दोरीवरून रेंगाळत जाते. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा धड असेल तर ती ताणलेली असते, लहर लवकर पोचते. फाटली असेल तर उशीर होतो. व्यायाम चालू असताना हेच यंत्र आणखी एक गोष्ट ऐकतं. दोर तुटण्याआधी जसा आतून कुरकुरतो, तसे स्नायूचे तंतूही तुटण्याआधी सूक्ष्म कडकडतात. ती कडकड ऐकू आली की यांत्रिक हात पुढे होतात.

यामुळे व्यायामशाळांतले अपघात खरोखर कमी झाले. पूर्वी दांड्याखाली झोपणाऱ्याच्या डोक्याशी एक जण हात पुढे करून उभा राहायचा. ती जागा आता रिकामी असायची, तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवत. आणि जे व्यायामशाळेत चाललं ते बाहेरही चालू लागलं. शाळा, कारखाने, पोलीस, अग्निशमन दल सगळीकडे कानोसा आला. दवाखान्यात मोठ्या तपासणीचा नंबर लागायलाही आधी कानोसाचा ‘खंडित’ शेरा लागू लागला. दुखतंय म्हणणाऱ्याला लोक ‘कुठे?’ असं विचारायचे थांबले. ‘किती आलं?’ असं विचारू लागले.

त्रिशलाला याचा त्रास कधी झाला नव्हता. उलट तिने स्वतः कितीतरी सोंगं पकडली होती. पाठ धरली म्हणून महिनाभर रजेवर बसलेला एक विक्री अधिकारी. क्रीडास्पर्धा टाळण्यासाठी लंगडणारी दहावीतली मुलगी. तिच्या आईने तर त्रिशलाला पेढे आणून दिले होते. दर वेळी यंत्र खरं निघालं होतं. एखादा माणूस इतक्या वेळा खरा निघाला असता, तर तिने त्याच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

घरी वेगळाच दवाखाना होता. भरतेशच्या आईला त्रिशला आत्या म्हणायची, त्यांच्याकडे सासूला तसंच म्हणतात. दुखापतीच्या दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि आत्यांनी वाटीत गूळ चिरून त्यावर खायचा चुना टाकला. मुका मार म्हटलं की त्या घरात चुना-गूळ, यात चर्चेला जागा नव्हती. त्रिशलाने सांगून पाहिलं, की ह्यांची रोज तपासणी करायची आहे, यंत्र सांगेल तसं करू. आत्या बोटाने कालवत राहिल्या.

“तुझ्या चकत्या काल-परवा आल्या,” त्या म्हणाल्या. “खांदे माणसाला आधीपासनं हायेत.”

त्रिशलाने विचार केला. यात चोळणं नव्हतं. शेकणं म्हणावं तर चुना-गूळ एकत्र कालवला की आपोआप जरासा कढत होतो, तेवढंच. फायदा होईल असं तिला वाटत नव्हतं, नुकसान होईल असंही वाटत नव्हतं. शिवाय आत्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, त्यांच्याने ते नीट लागत नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळपासून तीच लेप लावू लागली. आधी पातळ होणारं ते मिश्रण खांद्यामागे पसरायचं, मग ते वाळून दगडासारखं होई आणि कातडी ओढून धरी. सकाळी ती कोमट पाण्याचं फडकं ठेवून ते सोडवायची. घासायची नाही, कारण दुखऱ्या जागी घासायचं नसतं. मग तिथेच चकत्या लावायची.

भरतेशला त्या संध्याकाळच्या दहा मिनिटांची सवय लागली. तो डोळे मिटून बसायचा. त्या वेळी दोघं फारसं बोलत नसत, आणि सकाळी चकत्या लावतानाही नसत. पण ही दोन गप्प बसणी सारखी नव्हती.

पुढच्या सोमवारी दलाची वार्षिक चाचणी होती. माणसाच्या वजनाचा बाहुला खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावरून शिडीने खाली उतरायचं. ज्याचा कानोसा खंडित, त्याला सूट आणि उपचार. ज्याचा अखंड आणि तरी जो नाही म्हणेल, त्याच्या नावापुढे ‘कारणाविना नकार’ लागत असे. असा माणूस मग फोन उचलायच्या टेबलावर बसे आणि पुन्हा शिडीवर चढत नसे. भरतेशला हे माहीत होतं. त्रिशलालाही माहीत होतं. तिला आणखीही एक गोष्ट माहीत होती.

मागच्या हिवाळ्यात एका यंत्रमागाच्या कारखान्याला आग लागली होती. धुरात शिडी सरकली आणि भरतेशचा जोडीदार सदा बरगाले एका हातावर लोंबकळत राहिला. खालून चादर धरली म्हणून वाचला. त्यानंतर भरतेशने दोनदा आपली शिडीची पाळी दुसऱ्याला दिली होती. एकदा सर्दी होती, एकदा मित्राचं लग्न. तेव्हा त्रिशलाला त्यात काही वाटलं नव्हतं. आता हिरवी पट्टी पाहिली की तिला ती सर्दी आठवे.

कोरेसरांनी अपघाताचं चित्रण जपून ठेवलं होतं. दांडा कलतो, हात झेपावतात, दांडा अधांतरी थांबतो. दारातल्या पडद्यावर ते दिवसभर फिरवायचं त्यांच्या मनात होतं. त्यात भरतेश खांदा धरून बसतो ते शेवटचं दृश्य त्यांनी कापलं होतं. त्रिशलाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, की तेवढ्याने लोकांचा उगाच गैरसमज होतो. मग त्यांनी भरतेशची चौकशी केली. अजून दुखतोय म्हणतात, असं तिने सांगितलं. कोरेसर हसले नाहीत, पण हसण्याच्या बेतात होते.

“मॅडम, तुम्ही घरच्या म्हणून बोलतो,” ते म्हणाले. “यंत्राला नवरा नसतो.”

हे वाक्य तिला लागलं. पण ते तिने कोरेसरांवर उलटवलं नाही, घरी घेऊन आली.

मग तिने पापडाचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि जेवताना भरतेशला पापड काढायला सांगितलं. तो स्टुलावर चढला आणि उजव्या हाताने डबा काढून दिला. यावरून काहीच ठरत नव्हतं. खरोखर दुखणारा माणूस असंच करेल, आणि आपल्यावर लक्ष आहे हे ओळखलेला माणूसही असंच करेल. तो पडलेला असताना तिने हाक मारून पाहिली, तो कुठल्या कुशीवर वळतो ते बघायला. अंगणात कपड्यांची दोरी उंच बांधून पाहिली. आत्यांच्या हे लक्षात आलं. त्या म्हणाल्या, की सुनेने नवऱ्याला पारखायचं ते लग्नाआधी, आता या नोटेची मोड नाही मिळायची.

शुक्रवारी सकाळी तिला हवं होतं ते दिसलं. खिडकीतून तिने पाहिलं, भरतेश मागच्या हौदावरून भरलेली बादली घेऊन येत होता, डाव्या हातात. वाटेत त्याने ती खाली ठेवली, इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच हातात घेतली.

लटकत्या हाताने वजन न्यायला खांद्याची ती कंडरा फारशी लागत नाही. हात वर उचलायला लागते. त्रिशला हे दर महिन्याच्या वर्गात चित्र काढून शिकवायची. त्या सकाळी तिला ते आठवलं नाही. ती तशीच बाहेर गेली आणि तिने त्याला सरळ विचारलं, शिडीची भीती वाटते का.

भरतेशने बादली ठेवली.

“वाटते,” तो म्हणाला. “सदाला लोंबकळताना पाहिलं तेव्हापासून वाटते. आणि खांदाही दुखतोय. दोन्ही एकदम असू शकत नाही का?”

ती म्हणाली की असू शकतं, पण आकडा तसं म्हणत नाही. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं की ते मागे घेता येणार नाही. भरतेशने बादली उजव्या हातात घेतली. सोमवारी जातो, असं त्याने अगदी शांतपणे सांगितलं. चढायचं काय ते चढतो. शिडीवर कानोसा लावून बघ, कोण खरं बोलतंय ते कळेल.

खांद्याची कंडरा अर्धी फाटलेली असेल तर आरामाने काही महिन्यांत सावरू शकते. तिच्यावर सत्तर किलोचा बाहुला टाकला तर ती पुरती तुटते, आणि ते तिसऱ्या मजल्याच्या शिडीवर घडतं. कंडरा धड असेल तर यातलं काहीच होत नाही, फक्त एक घाबरलेला माणूस शिडी उतरून खाली येतो. त्रिशला दुसऱ्या शक्यतेवर विसंबून होती. पण सोमवार तीन दिवसांवर होता, म्हणून तिने ती शक्यता पक्की करायचं ठरवलं. आतापर्यंत ती फक्त हिरवी पट्टी पाहत होती. शुक्रवारी दुपारी व्यायामशाळेत बसून तिने पट्टीमागचे आकडे उघडले.

उजव्या खांद्यावर लहरीचा वेग रोज सारखाच होता. डाव्या खांद्यावर तो उजव्यापेक्षा जास्त होता. आणि रोज थोडा थोडा वाढत होता.

सुरुवातीला तिला बरंच वाटलं, की संशयाला जागाच नको. मग तिच्या हातातला चहा तसाच राहिला. धडधाकट खांदा धडधाकट खांद्याइतकाच असायला हवा. मार बसलेला खांदा कधीही मार न बसलेल्या खांद्याहून मजबूत कसा? आणि तो रोज आणखी मजबूत कशाने होतो? पट्टीला दोनच रंग होते. एका मर्यादेच्या खाली लाल, वर हिरवा. फार वर गेलं तर काय, हे विचारायचं यंत्र बनवणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं, कारण त्यांच्या चाचण्यांत कुणाच्याही खांद्यावर तसं आलं नव्हतं.

तिने पिशवीतून चकत्या काढून उलट्या केल्या. ऐकणाऱ्या चकतीच्या कडेला पिवळट पांढरी खपली जमली होती. तिने नखाने ती खरवडली आणि जिभेला लावून पाहिली. गोड होती, आणि मागून जीभ पोळली.

शुक्रवारी संध्याकाळी तिने भरतेशच्या खांद्याला लेप लावला नाही. आज राहू दे म्हणाली. वाटीतला लेप तिने स्वतःच्या डाव्या पोटरीला लावला. त्याआधी तिथला वेग मोजून ठेवला होता. पोटरीला काहीही झालेलं नव्हतं. आत्यांनी विचारलं, तेव्हा पायरीला आपटली असं सांगून वेळ मारून नेली. सकाळी भरतेशसाठी करायची तसंच केलं, कोमट फडकं, न घासता. कातडी स्वच्छ दिसत होती. वेग वाढलेला होता. मग तिने पुन्हा लेप लावून, वाळवून, तसाच सोडवला. वेग आणखी वाढला. शेवटी तिने अर्धं लिंबू चोळलं. बारीक फेस आला, चुना विरघळला, आणि आकडा जिथून निघाला होता तिथे परत आला.

इतकं सोपं होतं ते. डोळ्यांना न दिसणारा एक कडक पापुद्रा कातडीच्या रेघांमध्ये बसला होता, रोज एक थर. टिचकीची लहर खांद्यात उतरत होती की नाही कोण जाणे. वरच्या वर त्या पापुद्र्यावरून धावून ती पलीकडे वेळेआधी पोचत होती. यंत्र इतके दिवस चुना-गूळ ऐकत होतं आणि त्याला अखंड म्हणत होतं. ज्या हातांनी ती संध्याकाळी लेप लावायची, त्याच हातांनी सकाळी नवऱ्याच्या विरुद्ध पुरावा गोळा करत होती. आणि दुखऱ्या जागी घासू नये हा नियम पाळला नसता, तर कदाचित हे घडलंही नसतं.

पण त्रिशला विज्ञान शिकलेली होती. प्रयोगाने काय सिद्ध झालं आणि काय नाही, हे तिला वेगवेगळं दिसत होतं. यंत्राला माहीत नाही, एवढं सिद्ध झालं होतं. भरतेश खरं बोलतोय, हे सिद्ध झालं नव्हतं. पोटरीने त्याच्या खांद्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी भरतेश पहाटेच्या पाळीवरून येऊन झोपला होता. उकाड्यामुळे सदरा काढलेला, उजव्या कुशीवर, डावा खांदा वर. त्रिशला दारात उभी राहिली. तिच्या एका हातात लिंबाची उरलेली फोड होती, दुसऱ्या हातात पिशवी. त्याची झोप गाढ असते. हलक्या हाताने पुसायचं, दोन चकत्या, एक मिनिट. त्याला कळणारही नाही. आणि मग पट्टी जी येईल ती खरी.

ती पलंगापर्यंत गेली. त्याच्या पाठीवर घाम आला होता. खांद्यामागे, रोज लेप असायचा तेवढ्या भागात, कातडी कोरडी होती.

लाल आली तर, तिने विचार केला, मी त्याच्यावर विश्वास ठेवेन. म्हणजे पुन्हा पट्टीवरच ठेवेन. हिरवी आली तर, आज स्वच्छ पुसलेल्या कातडीवर हिरवी आली तर, मी काय करेन, या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं, आणि ते तिला आवडलं नाही. त्याला उठवून विचारूनही मोजता आलं असतं. पण तो हो म्हणाला असता, सदरा न घालता पाठ फिरवून बसला असता, आणि शुक्रवारचा तो प्रश्न पुन्हा एकदा विचारला गेला असता.

ती स्वयंपाकघरात गेली. आत्या कोशिंबिरीवर लिंबू शोधतच होत्या, तिने ती फोड त्यांना दिली. मग अंगणात जाऊन तिने स्टेशन ऑफिसर निंबाळकरांना फोन लावला.

प्रशिक्षकाला हरकत घ्यायचा अधिकार नियमात होता. तो कोणी वापरत नसे, कारण हरकत घेतली की त्या व्यायामशाळेतला कानोसा तपासणी होईपर्यंत बंद ठेवावा लागे. त्रिशलाने आपलं नाव आणि नोंदणी सांगितली. भरतेश मगदूमची सगळी मोजमापं मी घेतलेली आहेत, कातडी स्वच्छ नव्हती, ती सगळी रद्द धरा, आणि सोमवारी त्याला शिडीवर चढवू नका. निंबाळकर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवं मोजमाप काय म्हणतं ते विचारलं. घेतलेलं नाही, असं ती म्हणाली.

“मग खांदा दुखावलाय हे कशावरून?”

“तो म्हणतो म्हणून.”

पलीकडे नियमांची पानं उलटल्याचा आवाज आला. मग निंबाळकर म्हणाले, की अशी हरकत त्यांनी आधी पाहिली नाही, पण नाही म्हणावं असंही नियमात काही दिसत नाही. सोमवारी शिडीऐवजी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पत्र देतो. यानंतर अर्ध्या तासात कोरेसरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. दारातला पडदा काढायला माणूस बोलावलाय, एवढं त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात यायची घाई करू नका असंही.

भरतेश उठला तेव्हा ती चहा घेऊन गेली आणि पलंगाच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं. आकडे, चकतीवरची खपली, पोटरी, लिंबू. आत्यांचा लेप यंत्राला भारी पडला, यावर तो थोडं हसलाही. फोनचं सांगितलं तेव्हा हसू गेलं. कोरेसरांचं सांगितलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला. तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. काय, ते तिने ठरवलं नव्हतं.

“मोजलंस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मी झोपलो होतो.”

“हो.”

“पिशवी इथंच दिसतेय.”

तिने खाली पाहिलं. पिशवी पलंगाच्या पायाशी होती, तिनेच तिथे विसरलेली. मोजायचं होतं, ती म्हणाली, इथपर्यंत आले होते, पण मोजलं नाही. आणि हे खरं असूनही आपल्याच कानाला ते कसं ऐकू येतंय, हे तिला कळत होतं.

भरतेश उठून कपाटाच्या आरशासमोर गेला. कानोसाची चकती काढल्यावर कातडीवर गोल वळ उमटतो आणि दोन-चार तास तरी राहतो. तो पाठमोरा झाला, मान वळवली, उजवा हात वरून मागे नेऊन चाचपलं. जिथे चकत्या लागतात ती जागा त्याला दिसत नव्हती. छोटा आरसा धरायला डावा हात वर जायला हवा होता. तो छातीपर्यंत गेला आणि थांबला.

“बघ जरा,” तो म्हणाला. “वळ आहे का?”

ती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. दुपारचं ऊन खिडकीतून त्याच्या पाठीवर आलं होतं. वळ नव्हता.

“नाही,” ती म्हणाली.

तो हलला नाही. मान तशीच वळलेली, नजर आरशात.

“नीट बघ,” तो म्हणाला.